नत्राचा जमाखर्च कोणाचा?

मोठी दुखापत किंवा शस्त्रक्रिया झाली की रुग्णाच्या लघवीतून नेहमीपेक्षा जास्त नत्र बाहेर पडते, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. तिचा पाया डेव्हिड कथबर्टसन यांनी ग्लासगो येथे केलेल्या मोजणीत आहे. १९३२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध आजही वाचण्याजोगा आहे. पण त्यावरून ‘नत्र जितके कमी गेले तितके रुग्णाचे बरे’ असा सोपा अर्थ कोणी काढला, तर तो तपासून घ्यायला हवा.

कथबर्टसन यांची पद्धत विज्ञानाच्या शिक्षकाला आवडेल अशी आहे. अन्नातून किती नत्र आत गेले आणि किती बाहेर पडले, याचा त्यांनी जमाखर्च मांडला. हाड मोडलेल्या रुग्णांत खर्च जमेपेक्षा वाढला आणि काही दिवसांनी ओसरला. केवळ जखमेच्या जागेचे मांस झिजून एवढे नत्र येणे शक्य नव्हते. बाहेर पडणाऱ्या नत्राचे व गंधकाचे प्रमाण स्नायूंतील प्रमाणाशी जुळत होते. म्हणजे मोडला एक पाय, पण झिजत होते सबंध शरीराचे स्नायू.

हे गणित वर्गातही करता येते. १ ग्रॅम नत्र म्हणजे ६.२५ ग्रॅम प्रथिन, आणि तेवढे प्रथिन सुमारे ३० ग्रॅम स्नायूत असते. समजा, रुग्णाची रोजची तूट १० ग्रॅम नत्राची आहे. तर त्याचा दिवसाला ३०० ग्रॅम स्नायू खर्ची पडतो!

ही उधळपट्टी मात्र नव्हे. दुखापतीनंतर कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके आणि दाहाचे संदेश देणारे रेणू यांच्यामुळे स्नायूंतील प्रथिने फुटतात. त्यांतील अमिनो आम्लांपासून यकृत रक्त गोठवणारी व जंतूंशी झुंजणारी प्रथिने बनवते. जखम भरायलाही तीच लागतात. काही अमिनो आम्लांची साखर होते आणि त्यांचे नत्र लघवीतून जाते. स्नायू हे जणू शरीराचे धान्याचे कोठार आहे.

आता मूळ प्रश्न विचारू : हा जमाखर्च कोणाचा होता? अपघातापूर्वी धडधाकट असलेल्या माणसांचा. कोठार आधीच रिकामे असेल तर काय होते? मन्रो आणि कथबर्टसन यांनी १९४३ साली प्रथिनरहित आहारावर ठेवलेल्या उंदरांत हे पाहिले. दुखापतीनंतर नत्राची वाढीव तूट त्यांच्यात जवळजवळ दिसलीच नाही. दीर्घकाळ अर्धपोटी राहिलेल्या माणसांतही ही तूट कमी आढळते. कागदावर त्यांचा ताळेबंद धष्टपुष्ट माणसापेक्षा चांगला दिसतो!

मग त्यांना धोका कमी असतो का? हायरम स्टडली यांनी १९३६ साली क्लीव्हलंड येथील पोटाच्या व्रणाच्या ४६ शस्त्रक्रियांचा आढावा घेतला. आधीच २० टक्क्यांहून अधिक वजन गमावलेल्यांत मृत्यूचे प्रमाण ३३.३ टक्के होते, इतरांत ३.५ टक्के. टक्क्यांमागची माणसे मात्र मोजावीत : १८ पैकी ६ आणि २८ पैकी १. एवढ्या लहान संख्येवर फार भार टाकता येत नाही. शिवाय वजन घटले म्हणून मृत्यू आला, की बळावलेल्या आजाराने दोन्ही घडवले, हेही केवळ या आकड्यांवरून ठरत नाही. तरीही निबंधाची दिशा पुढील अनुभवाने खरी ठरली. कुपोषित रुग्णाच्या जखमा उशिरा भरतात, जंतुसंसर्ग अधिक होतो आणि श्वसनाचे स्नायू दुबळे असल्याने कफ नीट बाहेर टाकता येत नाही.

असाच घोळ रक्तातील अल्ब्युमिनबद्दल होत आला आहे. ते कमी दिसले की ‘कुपोषण’ असा शिक्का मारला जाई. पण शस्त्रक्रियेनंतर ते उत्तम पोसलेल्या माणसातही उतरते. कारण ते रक्तवाहिन्यांबाहेर झिरपते आणि यकृत दुसऱ्या प्रथिनांना अग्रक्रम देते. तो आकडा दाहाविषयी सांगतो, ताटाविषयी नव्हे.

‘मग भरपूर पोषण द्यावे’ हे उत्तरही सरसकट लागू पडत नाही. १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, ३९५ कुपोषित रुग्णांवरील चाचणीत शस्त्रक्रियेच्या आधीपासून शिरेवाटे पोषण दिले गेले. लाभ झाला तो तीव्र कुपोषितांना. सौम्य कुपोषितांत उलट जंतुसंसर्गच वाढला.

कथबर्टसन यांची मोजणी चुकीची नव्हती. चूक होते ती सशक्तांचा आलेख उपाशी माणसाला लावताना. जमाखर्चात खर्च कमी दिसण्याची कारणे दोन असू शकतात : काटकसर किंवा कंगाली. नुसत्या वजाबाकीतून यांतला फरक कळत नाही. त्यासाठी कोठारात आधी किती होते ते पाहावे लागते. रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी वजनकाट्यावर उभे करणे आणि गेल्या काही महिन्यांत तो किती जेवला, किती रोडावला हे विचारणे म्हणूनच महत्त्वाचे. प्रथिनांचा पाठ शिकवताना ‘शरीर बांधणारी’ या विशेषणाबरोबर ‘अडीअडचणीला मोडता येणारी’ हेही सांगितले, तर विद्यार्थ्यांना रोजच्या वरण-भाताचा आणखी एक अर्थ कळेल.