'लाइन' : एका लघु इंग्रजी शब्दाची अर्थव्याप्ती आणि हिंगोली परिसरातील मराठी

प्रस्तावना

इंग्रजीतील शब्द जितका लहान व नित्याचा, तितका त्याचा अर्थविस्तार मोठा, असा कोशकारांचा अनुभव आहे. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' या शब्दाची नोंद सर्वांत दीर्घ होती. पुढे 2011 मध्ये 'रन' या क्रियापदाच्या सुधारित नोंदीत 645 अर्थ असल्याचे कोशाच्या संपादकांनी सांगितले. मराठी माध्यमातून पदवी वर्गात आलेल्या विद्यार्थ्याला अशा शब्दांची धास्ती वाटते. अध्यापकही बहुधा सोय पाहून शब्दासमोर एक प्रतिशब्द लिहितो आणि पुढील धड्याकडे वळतो. या प्रथेची चिकित्सा करण्यासाठी प्रस्तुत लेखात 'लाइन' हा शब्द घेतला आहे. हिंगोली जिल्ह्यातील निरक्षर माणूसही तो दिवसातून अनेकदा, अनेक अर्थांनी आणि अचूक वापरतो. जो शब्द वर्गात कठीण ठरतो तोच शेतात सोपा कसा होतो, हा येथील मूळ प्रश्न आहे.

मूळ अर्थ आणि त्याचा विस्तार

'लाइन' या शब्दाचे मूळ लॅटिनमधील 'लिनिआ' या शब्दात आहे. त्याचा अर्थ जवसाच्या तागाचा दोरा. 'लिनन' हे कापडाचे नाव आणि अस्तर या अर्थाचा 'लायनिंग' हा शब्द याच कुळातील आहेत. दोरा ताणला की सरळ होतो, म्हणून 'लाइन' म्हणजे रेषा. रेषेत माणसे उभी राहिली की रांग. कागदावर शब्द एका रेषेत आले की ओळ. पिढ्या एकामागून एक आल्या की वंश. वाहतुकीचा ठरलेला मार्ग आला की आगगाडीची वा आगबोटीची लाइन. गळाची दोरी, तारायंत्राची तार, सैन्याची फळी, विचाराची दिशा, धंद्याचे क्षेत्र हे अर्थही त्या ताणलेल्या दोऱ्यापासून फार दूर गेलेले नाहीत.

मराठी अभ्यासकाला ही अर्थप्रक्रिया परकी वाटण्याचे कारण नाही. संस्कृतातील 'सूत्र' म्हणजेही दोरा. त्यातून शास्त्रातील सूत्र आले, गणिताचे सूत्र आले, नाटकाचा सूत्रधार आला. मराठीतील 'सूत' तर थेट कारागिराच्या हातातले आहे. गवंडी सूत लावून भिंत पाहतो, सुतार सुताने माप घेतो. वठणीवर आलेला माणूस 'सुतासारखा सरळ' होतो आणि दोघांचे पटले की त्यांचे 'सूत जमते'. नर्सी हे ज्यांचे जन्मगाव मानले जाते त्या संत नामदेवांच्या शिंपी कुळाचा चरितार्थही दोऱ्यावरच होता. दोऱ्यापासून दिशा, शिस्त आणि नाते हे अर्थ काढण्याची रीत या मातीत इंग्रजीच्या आधीपासून आहे.

हिंगोलीत शब्दाचे आगमन

हिंगोली हे निजामाच्या राज्यातील हैदराबाद कंटिंजंटचे लष्करी ठाणे होते आणि 1903 पर्यंत तेथे छावणी होती. पलटण, रिसाला, तोफखाना, सदर बाजार ही शहरातील वस्त्यांची नावे त्या काळाची साक्ष देतात. त्यांपैकी 'पलटण' हे नाव युरोपीय लष्करी शब्दाचेच देशी रूप आहे. फौजेच्या वसाहतीला 'लाइन्स' म्हणण्याचा छावणीतील प्रघात आज 'पोलीस लाइन' या नावात शिल्लक आहे. आगगाडीने शब्दाला दुसरा अर्थ दिला. पूर्णा–अकोला मार्ग दीर्घकाळ मीटरगेज होता आणि 2008 मध्ये तो ब्रॉडगेज झाला. 'छोटी लाइन' व 'मोठी लाइन' हे शब्दप्रयोग त्यामुळे दोन पिढ्यांच्या तोंडी राहिले. पुढे वीज आली आणि तिच्याबरोबर तिसरा अर्थ आला. यांतील एकही अर्थ पाठ्यपुस्तकातून आलेला नाही. वस्तू आली आणि तिच्यासोबत शब्द आला. म्हणून अर्थाबद्दल कोणाचा घोटाळा झाला नाही.

मराठीने काय घेतले

मराठीत आल्यावर या शब्दाने प्रथम मराठी व्याकरण स्वीकारले. इंग्रजीत त्याला लिंग नव्हते, मराठीत तो स्त्रीलिंगी झाला. हे स्वाभाविकच होते, कारण ओळ, रांग, रेघ, रेषा, पंगत हे या अर्थक्षेत्रातील जुने शब्द स्त्रीलिंगीच आहेत. त्यामागोमाग 'लाइनी', 'लाइनीत', 'लाइनीला' ही रूपे तयार झाली.

अर्थाच्या बाबतीत मराठीने निवड केली. रेशनच्या दुकानापुढे लाइन असते. पाण्याची लाइन फुटते. फोनची लाइन लागत नाही. मुलगा 'सायन्स लाइन' घेतो. भरकटलेला तरुण 'लाइनीवर' येतो आणि नोकरी मिळाली की 'लाइनीला' लागतो. 'लाइन मारणे' हा प्रयोग तर भारतीय भाषांनीच घडविला, त्याचे श्रेय इंग्रजीला देता येत नाही.

सर्वांत लक्षणीय विस्तार विजेच्या संदर्भातील आहे. तारेचे नाव प्रथम वीजपुरवठ्याला मिळाले, म्हणून 'लाइन गेली' आणि 'लाइन आली'. कृषिपंपांना पाळीपाळीने वीज मिळू लागली तेव्हा पुरवठ्याचे नाव वेळेला लागले. 'या आठवड्यात रात्रीची लाइन आहे' या वाक्यात 'लाइन' म्हणजे पाळी. हळदीला किंवा गव्हाला पाणी देण्यासाठी अंधारात, विंचूकाट्याच्या भीतीत रानात जाण्याची सक्ती या एका शब्दात सामावली आहे. इंग्रजी कोश उघडून हा अर्थ सापडणार नाही. महावितरणने लाइनमनला 'जनमित्र' हे नाव दिले, तरी गावात त्याची हाक 'लाइनमन' अशीच राहिली, याचेही कारण तेच आहे. लोकांना त्या माणसाचा मित्रभाव नंतर आठवतो, आधी लाइन आठवते.

मराठीने काय घेतले नाही

कवितेची ओळ ओळच राहिली. हातावरची रेषा रेषाच राहिली. शाळेच्या पाटीवर रेघ ओढली जाते, जेवणाऱ्यांची पंगत बसते, दर्शनाची बारी लागते, तिफणीचे तास सरळ पडतात आणि वसमत भागातील हळद सरीवरंब्यावर येते. इंग्रजीत यांपैकी अनेकांसाठी 'लाइन' वा 'रो' चालेल, पण मराठीत प्रत्येक ओळीला तिचे काम सांगणारे स्वतंत्र नाव आहे. औंढा नागनाथ येथे महाशिवरात्रीला उभा असलेला भाविक आणि बँकेत अनुदानासाठी उभा असलेला शेतकरी यांची स्थिती बाहेरून सारखी दिसते, भाषा मात्र पहिल्याला दर्शनबारीत आणि दुसऱ्याला लाइनीत उभे करते.

शासकीय मराठीने 'लाइन'साठी प्रायः 'रेषा' योजली. नियंत्रण रेषा या शब्दात ती नेमकी बसते. 'दारिद्र्यरेषा' या शब्दाचे मात्र लोकव्यवहारात वेगळेच झाले. अर्थशास्त्रात माणूस या रेषेच्या वर किंवा खाली असतो. ग्रामीण बोलीत त्याचे नाव 'दारिद्र्यरेषेत' असते किंवा नसते. ही अशुद्धी मानून हसण्याजोगी बाब नाही. 2002 च्या सर्वेक्षणात 13 निकषांवर गुण देऊन कुटुंबांच्या याद्या तयार झाल्या. गावकऱ्याला रेषा कधी दिसली नाही, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरची यादी दिसली. म्हणून त्याने 'रेषा' या शब्दाला यादीचा अर्थ दिला. त्याच्या अनुभवाशी हा अर्थ अधिक प्रामाणिक आहे.

दोन भूमिकांची चिकित्सा

या शब्दाबाबत दोन भूमिका आढळतात. पहिली शुद्धिवाद्यांची. त्यांना 'लाइन' म्हणजे मराठीवरील आक्रमण वाटते. या भूमिकेत काही तथ्य आहे. 'लाइनीत बसा' असे पंगतीला म्हटले जाऊ लागले, तर शब्दासोबत पंगतीचा संस्कारही पुसट होईल, आणि बारी, तास, सरी हे शब्द ज्यांना ठाऊक नाहीत अशी पिढी महाविद्यालयात येऊ लागली आहे. परंतु 'रात्रीची लाइन' हा प्रयोग कोणत्याही मराठी शब्दाला हटवून आलेला नाही. त्याला विरोध करणे निरर्थक आहे.

दुसरी भूमिका वर्गातील प्रतिशब्दवाद्यांची. 'लाइन म्हणजे ओळ' हे पाठ केलेला विद्यार्थी 'ड्रॉप मी अ लाइन' या वाक्यापाशी ओळ खाली टाकतो आणि 'होल्ड द लाइन' म्हणताच रेषा हातात धरतो. दोष विद्यार्थ्याच्या आकलनाचा नाही. त्याला शब्द दिला, वाक्य दिले नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या पिढ्या शब्दार्थ पाठ करीत, पण लगेच तो शब्द वाक्यात योजून दोन्ही बाजूंनी भाषांतर करीत. मार्गदर्शिकांनी त्यातील शब्दार्थ तेवढे ठेवले आणि वाक्ये गाळली.

वरवर विरोधी वाटणाऱ्या या दोन्ही भूमिकांच्या तळाशी एकच समजूत आहे : शब्दाला एक अर्थ असतो आणि अर्थाला एक शब्द. हिंगोलीच्या बाजारातील बोली ही समजूत रोज खोटी ठरविते.

निष्कर्ष

'लाइन' या शब्दाचा अभ्यास असे दाखवितो की अनेकार्थता हा भाषेचा गोंधळ नसून तिची काटकसर आहे, आणि तिचे नियमन वाक्य व प्रसंग करतात. उसना शब्द सारे अर्थ घेऊन येत नाही. आलेल्यांपैकी काही टाकतो, काही नवे मिळवितो. म्हणून पदवी वर्गात अशा शब्दाचे अध्यापन विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वाक्यांपासून सुरू करणे हितावह ठरेल. त्याने घरी ऐकलेल्या 'लाइनी' फळ्यावर मांडाव्यात, त्यांतील दोऱ्याचा मूळ अर्थ शोधावा, मग इंग्रजी वाक्यांकडे जावे, आणि त्याच तासात बारी, तास, सरी, पंगत या शब्दांचीही नोंद करावी. असे झाल्यास विद्यार्थ्याची इंग्रजीची धास्ती कमी होईल आणि मराठीचे जे शब्द विस्मरणाच्या वाटेवर आहेत, त्यांनाही वर्गात जागा मिळेल.