गाव तयार आहे, टेबल तयार नाही

पारनेर तालुक्यात उभं राहायचं आणि ठरावाबद्दल बोलायचं नाही, हे काही जमण्यासारखं नाही. याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी स्वतः ठरवली आणि पाळून दाखवली. कागदावरच्या चार ओळींमागे माणसं उभी राहिली तर गाव बदलतं, हे इथल्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको. आज आम्ही अशाच एका कागदाची समीक्षा करणार आहोत. तृतीयपंथी व्यक्तींना सामावून घेणारं धोरण पारनेरसारख्या नगरपंचायतीने लिहायला घेतलं, तर त्यात काय असावं आणि काय नसावं?

पहिला आक्षेप ठरलेला असतो. "हे पुण्या-मुंबईचं काम. आपलं गाव अजून तयार नाही." हे विधान आपण तपासून बघू.

२०१७ साली सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने तृतीयपंथी असलेल्या ज्ञानदेव कांबळे यांना थेट सरपंचपदी निवडून दिलं. पुण्या-मुंबईत नव्हे, माळशिरसच्या एका गावात. मग कोण तयार नव्हतं?

याचं उत्तर जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये मिळतं. डिसेंबर २०२० मध्ये अंजली पाटील यांनी ग्रामपंचायत निवडणुकीसाठी महिला राखीव प्रभागातून अर्ज भरला. त्या तृतीयपंथी आहेत म्हणून छाननीत अर्ज बाद झाला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. २ जानेवारी २०२१ रोजी न्या. रवींद्र घुगे यांनी त्यांना महिला प्रवर्गातून लढायची परवानगी दिली. आधार होता सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या 'नालसा' निकालाचा आणि २०१९ च्या कायद्याचा. पुढे मतदान झालं आणि अंजलीताई निवडून आल्या.

आता बघा, मतदार अडले नाहीत. अडलं ते टेबलावर, अर्जाच्या छाननीत. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे: स्थानिक संस्थेचं धोरण गावाचं मन बदलण्यासाठी नंतर, आधी स्वतःचं टेबल नीट करण्यासाठी असतं.

"पण मग महिलांच्या राखीव जागांचं काय? उद्या कुणीही येईल." ही शंका खोटी नाही, बायकांनी झगडून मिळवलेल्या जागा आहेत त्या. न्यायालयानेही ती टाळली नाही. आपण स्त्री ही ओळख स्वीकारली आहे आणि फायद्यासाठी ती पुन्हा बदलणार नाही, ही अर्जदाराची हमी निकालात नोंदवली गेली. शंकेला नियमाने उत्तर देता येतं. त्यासाठी माणसाला दारातून परत पाठवावं लागत नाही.

आता धोरणाच्या मसुद्याकडे वळू. असे मसुदे बहुधा तीन ठिकाणी फसतात.

पहिलं म्हणजे 'कल्याणा'ची भाषा. समाजातील वंचित घटकाला मुख्य प्रवाहात आणणे, जनजागृती करणे, मेळावा घेणे. वाक्यं गोड, पण क्रियापदाला कर्ताच नाही. कोण आणणार, कधी, कोणत्या खात्यातून? शिवाय या भाषेत नगरपंचायत दाता होते आणि समोरचा माणूस याचक. कायदा तसं म्हणत नाही. २०१९ च्या कायद्यानुसार कायद्याने स्थापन झालेली प्रत्येक संस्था 'आस्थापना' आहे. तिने भेदभाव करायचा नाही आणि तक्रार निवारणासाठी अधिकारी नेमायचा. २०२० च्या नियमांनी समान संधीचं धोरणही मागितलं. तेव्हा हे उपकार नव्हेत बरं का, ही राहिलेली कामं आहेत.

दुसरं, नावाचा घोळ. 'तृतीयपंथी' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आठवडे बाजारात टाळी वाजवणारी व्यक्ती येते. जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेला आणि पुरुष म्हणून जगणारा माणूस कुणाला आठवतच नाही. त्याला बाजार मागायला जावं लागत नाही, म्हणून तो दिसत नाही. धोरणाची व्याख्या दिसणाऱ्यांपुरती लिहिली, तर न दिसणारा कायमचा बाहेर राहतो.

तिसरं, सगळा भर नोकरी आणि निधीवर. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतलं. चांगलंच केलं. पण तिची तिजोरी आणि नगरपंचायतीची तिजोरी यांची तुलना होईल का? मोठ्या शहराचा मसुदा उतरवला की छोटी संस्था 'निधी उपलब्धतेनुसार' असं लिहून मोकळी होते.

म्हणून आम्ही म्हणतो, बिनपैशाच्या कामांपासून सुरुवात करा. ओळख प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात, ठीक. ते मिळालं की जन्मदाखल्यावरचं नाव बदलून घ्यायचा हक्क २०१९ च्या कायद्याने दिला. पण जन्म-मृत्यूची नोंदवही नगरपंचायतीच्या कपाटात असते! तिथल्या लिपिकाला हे कलम माहीत नसेल तर माणूस चार हेलपाटे घालतो आणि पाचव्यांदा येत नाही. मृत्यूची नोंद द्यायला नातेवाइकांऐवजी गुरू किंवा चेला आला तर काय करायचं, हे लिहून ठेवा. सार्वजनिक शौचालयात आपल्या ओळखीनुसार जाऊ द्यायचं, हे सफाई कर्मचाऱ्याला आणि मुकादमाला सांगा. फेरीवाल्यांच्या नोंदणीत बाजारातली जागा मागायला आलेल्याचा अर्ज घ्या. आणि तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव, वेळ, फोन दर्शनी फलकावर लावा.

शेवटचा प्रश्न हमखास येतो, "आपल्याकडे असे आहेत तरी किती?" २०११ च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात सबंध महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद झाली. ज्याला घरच्यांसमोर खरं सांगता येत नाही, तो गणना करणाऱ्यापुढे सांगेल का? शिवाय अनेक जण गाव सोडून शहरात जातात आणि मग गाव म्हणतं, आमच्यात कुणी नाहीच. संख्या कमी आहे म्हणून धोरण नको, असं नसतं. कित्येकदा धोरण नाही म्हणून संख्या कमी दिसते.

याच पारनेरात सेनापती बापटांनी हातात झाडू घेऊन रस्ते झाडले. स्वच्छतेवर भाषण देणं त्यांना अवघड नव्हतं, तरी त्यांनी झाडू धरला. राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये तृतीयपंथी धोरणाला मंजुरी दिली, म्हणजे वरचं भाषण झालेलं आहे. झाडू मात्र नगरपंचायतीच्या हातात आहे.

तेव्हा पुढच्या वेळी दाखल्यासाठी कार्यालयात गेलात, तर एक काम करा. तक्रार अधिकारी कोण, हे तिथे विचारा. उत्तर मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं, तर तोच प्रश्न लेखी अर्जात लिहा आणि पोच घ्या.