हॅट घालावी केव्हा, काढावी केव्हा

मंडळी, प्रश्न तसा फुटकळ आहे, पण आमच्या घरात तो महिनाभर पुरला. गणपतीच्या कार्यक्रमाला आमचे चिरंजीव, वय वर्षे सोळा, बंदगळ्याचा कोट आणि डोक्यावर राखी रंगाची फेडोरा हॅट अशा थाटात आले. हॅट जुन्या बाजारातून पंधरा युरोंना आणलेली. आरती सुरू झाली तेव्हा शेजारी उभे असलेले एक काका हळूच म्हणाले, "बाळ, देवासमोर हॅट काढ." त्याने मुकाट्याने काढली. परतताना गाडीत मात्र विचारले, "बाबा, पणजोबांच्या फोटोत ते देवळात उभे आहेत आणि डोक्यावर काळी टोपी आहे. त्यांची चालते, मग माझी का नाही?"

माझी डॉक्टरेट इंजिनिअरिंगमधली, टोप्यांमधली नव्हे. मी "नंतर सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. घरात लगेच दोन पक्ष पडले. सौ.चे म्हणणे, फेडोरा ही फॉर्मल वस्तू, कोटावरच शोभते. जेवायला आलेल्या मित्राचे म्हणणे, छे, ती कॅज्युअल. हल्ली पोरे जीन्सवर घालतात. दोघांचेही अर्धे बरोबर आहे, असे मला वाटते.

आधी वस्तू पाहू. फेडोरा म्हणजे मऊ फेल्टची हॅट. माथ्यावर लांबट खाच, पुढे दोन बाजूंना चिमटीत धरल्यासारखे खळगे, भोवती फीत, आणि हवी तशी खाली वळवता येणारी कड. नाव आले नाटकावरून. व्हिक्तोरियँ सार्दूचे 'फेदोरा' १८८२ साली पॅरिसच्या रंगभूमीवर आले. नायिका होती सारा बर्नहार्ट. म्हणजे आज ज्या हॅटला आपण पुरुषी रुबाबाची खूण मानतो, ती आधी बायकांच्या डोक्यावर मिरवली!

तिची थोरली बहीण मात्र इथली, जर्मनीची. फ्रँकफुर्टहून एस-बानने अर्ध्या तासाच्या आत आपण बाड होमबुर्गला पोचतो. इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, तिथे पाण्याचे उपचार घ्यायला येई. १८८०च्या दशकात तो तिथली हॅट घालू लागला आणि 'होमबुर्ग' जगभर गेली. तिची कड ताठ, सगळीकडून वर वळलेली आणि फितीने बांधलेली; माथ्यावर एकच खाच, पुढे खळगे नाहीत. ती वाकत नाही, म्हणून ती फॉर्मल. फेडोरा वाकते. पाऊस आला की कड खाली, ऊन गेले की वर. ज्या कपड्याला सोयीसाठी वाकायची मुभा असते तो अस्सल फॉर्मल नसतो, एवढा नियम मी इथल्या पंधरा वर्षांत शिकलो आहे.

तेव्हा कपड्यांपुरता निकाल असा: संध्याकाळच्या काळ्या सूटवर फेडोरा नको. साध्या सूटवर आणि हिवाळी ओव्हरकोटवर ती हक्काने बसते, कारण तिची बैठकच रस्त्यावरची, स्टेशनवरची, ऑफिसला जाणाऱ्या माणसाची. टी-शर्टवर ती नाटकातल्या सामानासारखी दिसते. म्हणजे मूळ नाटकाकडेच परत गेली म्हणायची.

मग आपल्याला ती एवढी भारदस्त का वाटते? कारण आपल्याकडे ती साहेबाच्या डोक्यावरून आली. १९२८च्या डिसेंबरात सँडर्सच्या वधानंतर भगतसिंग लाहोरमधून निसटले ते हॅट घालून, साहेब बनून. दुर्गाभाभी त्यांच्या पत्नी बनल्या, आणि आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खेडचे राजगुरू झाले नोकर. पोलिसांना काय दिसले? हॅटवाला साहेब आणि बिनहॅटचा गडी. भगतसिंगांचा तो सुप्रसिद्ध हॅटमधला फोटो त्यानंतरचा, १९२९चा. युरोपात जी हॅट कारकूनही घालत होता, ती आपल्याकडे नुसती डोक्यावर असली की माणसाचा दर्जा बदलत असे. सौ.च्या मनातला फॉर्मलपणा तिथून आलेला आहे.

पण चिरंजीवांच्या प्रश्नाचे उत्तर एवढ्याने मिळत नाही. ते मला सापडले एका जुन्या लाजेत.

काही वर्षांपूर्वी आमच्या खालच्या मजल्यावरचे वृद्ध गृहस्थ वारले. आम्ही नवे होतो तेव्हा टॅक्सच्या फॉर्मपासून कचऱ्याच्या डब्यांपर्यंत सगळे त्यांनी शिकवलेले. नोव्हेंबरचा रिमझिम पाऊस होता. मी काळा सूट, काळा ओव्हरकोट आणि मुद्दाम विकत घेतलेली काळी हॅट घालून स्मशानभूमीत गेलो. पोशाखात काही उणे राहू नये, एवढाच हेतू. शवपेटी खाली सोडताना भोवतीच्या सगळ्या पुरुषांची डोकी उघडी, पावसात भिजत असलेली. टोपी होती ती फक्त माझ्या डोक्यावर. मला ते कळले तेव्हा पाद्रीबुवांची प्रार्थना संपली होती. कोणी काही बोलले नाही. आजींनी माझा हात दोन्ही हातांत धरला. पण घरी येऊन मी ती हॅट कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली, ती आजतागायत तिथेच आहे.

माझे चुकले कुठे? मी माझ्या आजोबांसारखा वागलो. आजोबा पेन्शन आणायला निघोत की देवळात, टोपीशिवाय उंबरा ओलांडत नसत. कोणी वडीलधारे दारात दिसले की आधी खुंटीवरची टोपी डोक्यावर जाई. बोडक्या डोक्याने सामोरे जाणे म्हणजे बेपर्वाई. आपल्याकडे पगडी डोक्यावरून उतरते ती कोणाच्या पायाशी ठेवण्यासाठी, सगळे उपाय हरले तेव्हा. जर्मन माणसाचे नेमके उलटे. त्याला कौतुक करायचे असेल तर तो 'हूट आब' म्हणतो, म्हणजे हॅट उतरवली! राजीनामा दिला तर त्याने 'हॅट घेतली'. त्याच्या हॅटची भाषा उतरवण्याची आणि उचलण्याची. आपली डोक्यावर ठेवण्याची. आणि याच देशात ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात पाहुणा म्हणून गेलात, तर पुरुषाला डोके झाकायला सांगतात. एकाच शहरात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर, आदराचे दोन उलटे नियम.

जर्मनीतला सर्वांत प्रसिद्ध फेल्ट हॅटवाला म्हणजे शिल्पकार योझेफ बॉइस. क्रेफेल्डला १९२१ साली जन्मलेला, ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत प्राध्यापक. मासेमाऱ्याचे खिशाखिशांचे जाकीट आणि हॅट, घरात काय नि बाहेर काय. मला त्याचे कौतुक आहे, पण हॅटबाबत त्याचा आदर्श ठेवू नये. जी हॅट कधीच उतरत नाही ती काही बोलतही नाही. ती सहीचा शिक्का होते. गंमत म्हणजे १९६५ साली मेलेल्या सशाला चित्रे समजावून सांगण्याचा त्याचा तो गाजलेला प्रयोग झाला, तेव्हा त्याच्या डोक्यावर हॅट नव्हतीच. मध आणि सोन्याचा वर्ख होता. सर्वांत गंभीर प्रसंगी त्यालाही ती बाजूला ठेवावीशी वाटली.

आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचे तर फॉर्मल असणे हा हॅटचा गुणधर्म नाही, ती एक घटना आहे. ती कोणत्या क्षणी डोक्यावर जाते आणि कोणत्या क्षणी उतरते, त्यात सगळे आले. पणजोबांची टोपी आदराने चढत असे, म्हणून ती आरतीला चालली. हॅट ज्या घरातून आली तिथे आदराने उतरायची रीत, म्हणून ती आरतीला उतरली पाहिजे. काकांचे बरोबर होते. फक्त कारण सांगायचे राहिले. ते सांगणे माझे काम होते.

मी हे सगळे चिरंजीवांना सांगितले, स्मशानभूमीसकट. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे पुढच्या गणपतीला मी पणजोबांची टोपी घालू शकतो?"

टोपी पुण्याला, आईच्या पेटीत आहे. तिला फोन करून ठेवला आहे.