फिन्ससह आणि फिन्सविना जलतरण : तंत्र, वेग व मापनपद्धती यांची चिकित्सा

प्रस्तावना

शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्षेत्रात जलतरणाचे स्थान काहीसे वेगळे आहे. धावणे, उड्या मारणे, फेकणे या क्रिया मनुष्य जमिनीवर सहजपणे आत्मसात करतो. पोहणे मात्र त्याला शिकावे लागते आणि शिकवावे लागते. म्हणूनच जलतरणात साधनांचा वापर प्रारंभापासून होत आला आहे. पायांत घालावयाचे रबरी पंख, म्हणजेच फिन्स, हे अशा साधनांपैकी एक प्रचलित साधन होय. फ्रान्समधील लुई द कॉर्लिये यांनी १९३३ मध्ये अशा पंखांचे पेटंट घेतले आणि १९४० च्या सुमारास अमेरिकेत ओवेन चर्चिल यांनी त्यांचे व्यापारी उत्पादन सुरू केले. आज प्रशिक्षकांच्या नित्य सामग्रीत फिन्सचा समावेश असतो.

१९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे येतात. या परिसरातील शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकांपुढे फिन्सचा प्रश्न दोन प्रकारे उभा राहतो. फिन्समुळे विद्यार्थ्याचे तंत्र व वेग सुधारतो काय, हा पहिला प्रश्न. आणि सुधारल्याचे कशावरून ठरवावयाचे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा घाईने दिले जाते, कारण दुसरा प्रश्न विचारलाच जात नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

फिन्सचे कार्य

पाण्यात पुढे जाण्यासाठी पाणी मागे ढकलावे लागते. थोडे पाणी जोराने मागे फेकले तरी पुढे जाता येते आणि पुष्कळ पाणी सावकाश ढकलले तरी पुढे जाता येते. मात्र पहिल्या प्रकारात ऊर्जेचा अपव्यय अधिक होतो. फिन्समुळे पावलाचे क्षेत्रफळ वाढते, प्रत्येक फटक्यात अधिक पाणी ढकलले जाते आणि फटक्यांची संख्या कमी होते. झांपारो व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, केवळ पायांच्या फटक्यांनी पोहताना, समान वेगासाठी लागणारी ऊर्जा फिन्समुळे सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. तेवढीच ऊर्जा खर्च केल्यास वेगात सेकंदाला सुमारे ०.२ मीटर वाढ होते, असेही त्या अभ्यासात दिसून आले.

हे निष्कर्ष महत्त्वाचे आहेत. परंतु ते फिन्स पायांत असतानाचे आहेत, हे विसरता कामा नये. त्यातून साधनाची कार्यक्षमता सिद्ध होते, पोहणाऱ्याची प्रगती नव्हे.

मुक्तशैलीत पुढे नेणारे बल प्रामुख्याने हातांचे असते. पायांचा वाटा तुलनेने अल्प असून पायांचे मुख्य कार्य शरीर आडवे व स्थिर ठेवण्याचे असते. या संदर्भात महाराष्ट्राचे जलतरणपटू मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण उद्बोधक आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्याने त्यांच्या शरीराचा खालचा भाग निकामी झाला. त्याच पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर मुक्तशैली ३७.३३ सेकंदांत पूर्ण करून भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. पायांचे बळ नसतानाही हातांच्या तंत्रावर किती वेग उभा राहू शकतो, याचा हा पुरावा होय. फिन्सच्या अतिवापराने पायांचा वाटा कृत्रिमरीत्या वाढतो आणि हातांतील दोष झाकले जातात. शिकवणाऱ्याला ते दिसत नाहीत आणि शिकणाऱ्याला जाणवत नाहीत.

तथापि फिन्सची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. पाय खाली बुडत असलेल्या नवशिक्याला शरीर आडवे असण्याचा अनुभव फिन्समुळे लवकर मिळतो. घोटा ताणला जातो व फटका गुडघ्यातून न मारता कमरेतून मारण्याची सवय लागते. बटरफ्लाय शैलीतील लाटेसारखी हालचाल समजण्यासही त्यांची मदत होते. लांब फिन्समुळे फटक्यांची लय फार मंदावते, तर आखूड फिन्समध्ये ती नैसर्गिक लयीच्या जवळ राहते. म्हणून तंत्रशिक्षणासाठी आखूड फिन्स अधिक योग्य ठरतात. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पावले बाहेर वळवून फटका मारावा लागत असल्याने तेथे मात्र फिन्स निरुपयोगी ठरतात.

मापनपद्धतीतील उणिवा

शारीरिक शिक्षणातील लघुप्रबंधांची एक रूढ मांडणी आहे : पूर्वचाचणी, सहा ते आठ आठवड्यांचे प्रशिक्षण, उत्तरचाचणी आणि शेवटी 'टी' चाचणी. ही मांडणी सदोष नाही. परंतु फिन्सच्या बाबतीत तिचा यांत्रिक वापर झाल्यास पुढील तीन उणिवा संभवतात.

पहिली उणीव चाचणीच्या अटींची. उत्तरचाचणी फिन्ससह घेतली तर वेग वाढलेला दिसणारच. तो रबराचा वेग असतो. स्पर्धात्मक जलतरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वेग, तरंगण्याची क्षमता वा दमसास वाढवणाऱ्या कोणत्याही साधनाला, फिन्सलाही, मनाई आहे. साधनाचा वेग आणि माणसाचा वेग यांतील गल्लत जागतिक स्तरावरही झालेली आहे. २००९ मध्ये रोमच्या विश्वअजिंक्यपद स्पर्धेत पॉलियुरेथेनच्या पोशाखांमुळे ४३ विश्वविक्रम नोंदले गेले आणि जानेवारी २०१० पासून त्या पोशाखांवर बंदी घालावी लागली.

दुसरी उणीव केवळ वेळ मोजण्याची. वेग हा हातांच्या फटक्यांची गती आणि प्रत्येक फटक्यात कापलेले अंतर यांचा गुणाकार असतो. उदाहरणादाखल, एखादा विद्यार्थी फिन्सविना २५ मीटर अंतर २० सेकंदांत व २० फटक्यांत कापतो असे मानू. प्रशिक्षणानंतर फिन्स काढून तो तेच अंतर पुन्हा २० सेकंदांत, परंतु १८ फटक्यांत कापू लागला, तर घड्याळाच्या दृष्टीने प्रगती शून्य असली तरी तंत्राच्या दृष्टीने ती निश्चित आहे. याउलट तो १९ सेकंदांत, पण २३ फटक्यांत पोहोचला, तर त्याने तंत्राऐवजी दमाच्या जोरावर वेग मिळवला, असेच म्हणावे लागेल. शिवाय हाताने चालवलेल्या घड्याळात काही दशांश सेकंदांची चूक सहज होते आणि २५ मीटरच्या अंतरात तेवढ्या फरकावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

तिसरी उणीव तुलनेची. नवशिका विद्यार्थी आठ आठवडे नियमितपणे पाण्यात उतरला तर फिन्सशिवायही त्याची प्रगती होतेच. म्हणून फिन्सविना पोहणाऱ्या नियंत्रित गटाला तितकाच वेळ, तेच अंतर आणि तोच प्रशिक्षक मिळाला पाहिजे. नियंत्रित गट काठावर बसवून ठेवला तर पाण्यात उतरण्याचे श्रेय फिन्सला जाते.

मराठवाड्याचा संदर्भ

या चिकित्सेला मराठवाड्यात केवळ पद्धतिशास्त्रीय महत्त्व नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने सुमारे ५ लाख लिटर पाणी आणले. २५ मीटर लांब, १२.५ मीटर रुंद व सरासरी दीड मीटर खोल तलावात जवळपास तेवढेच, म्हणजे सुमारे ४ लाख ७० हजार लिटर, पाणी मावते. ज्या प्रदेशाने एका तलावाइतक्या पाण्यासाठी रेल्वेची वाट पाहिली, तेथे विद्यार्थ्याला पाण्यात मिळणारा प्रत्येक तास मोलाचा आहे आणि तो आभासी प्रगतीवर खर्च होणे परवडणारे नाही.

दुसरी बाब सुरक्षिततेची. गोदावरीकाठच्या नांदेडमध्ये असो वा लातूरच्या खेड्यांत, मुलांचा पाण्याशी संबंध तलावापेक्षा नदी, विहीर आणि आता शेततळे यांच्याशी अधिक येतो. शेततळ्याचे प्लास्टिकचे अस्तर निसरडे असते; पोहता आले तरी बाहेर येणे कठीण जाते. फिन्स घालून ५० मीटर पार केलेल्या विद्यार्थ्याला 'पोहता येते' असा शेरा मिळाला आणि तो त्या विश्वासाने विहिरीत उतरला, तर मापनातील चूक जिवावर बेतू शकते.

या प्रदेशातील पारंपरिक शिक्षणात याचे भान होते. पाठीला सुकलेला भोपळा अथवा रिकामा डबा बांधून मुलाला विहिरीत उतरवत आणि काही दिवसांनी वडीलधारे माणूस शेजारी राहून तो सोडवत असे. भोपळा सुटल्यानंतर मूल तरंगले तरच ते शिकले, असे मानले जाई. साधनाची कसोटी ते काढून घेतल्यावरच लागते, हे तत्त्व त्या रीतीत अंगभूत होते. दोहोंत एक भेद मात्र आहे. भोपळा तरंगवतो, त्यामुळे त्याच्यावरील अवलंबन सर्वांना दिसते. फिन्स पुढे नेतात, त्यामुळे त्यांच्यावरील अवलंबन कौशल्यासारखे भासते. म्हणून फिन्सच्या बाबतीत ही कसोटी अधिक काटेकोर असावयास हवी.

समारोप

फिन्स त्याज्य नाहीत आणि सर्वगुणसंपन्नही नाहीत. ते एक अध्यापनसाधन आहे आणि त्याचे मूल्यमापन अध्यापनाच्या निकषांवरच व्हावयास हवे. प्रत्येक सत्रात फिन्ससह पोहल्यानंतर लगेच तेच अंतर फिन्सविना पोहून घेणे. पूर्वचाचणी व उत्तरचाचणी दोन्ही फिन्सविना घेणे. वेळेबरोबर फटक्यांची संख्या नोंदवणे. आणि प्रशिक्षण संपल्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेऊन प्रगती टिकली की नाही हे पाहणे, या चार गोष्टींसाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. एक घड्याळ, एक वही आणि काठावर फटके मोजणारा एक सहाध्यायी एवढी सामग्री कोणत्याही महाविद्यालयास उपलब्ध होऊ शकते. फिन्स उतरवल्यानंतर विद्यार्थ्याच्या अंगी जे उरते, तेच त्याचे शिक्षण होय आणि संशोधकाने मोजावे तेही तेवढेच.