शालेय निबंध आणि बोलणाऱ्याचे औचित्य

मराठीत दरवर्षी सर्वांत अधिक हातांनी लिहिला जाणारा गद्यप्रकार कोणता, असा प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर कादंबरी किंवा लघुकथा असे देता येणार नाही. शाळेच्या वरच्या वर्गांतील निबंध हेच त्याचे उत्तर होय. आपल्या समीक्षेने मात्र या प्रकाराकडे जवळजवळ पाहिलेलेच नाही. तो शिक्षणशास्त्राचा प्रांत आहे असे समजून आपण तो वर्गशिक्षक आणि परीक्षक यांच्या स्वाधीन केला आणि त्याच वर्गातून बाहेर पडलेले लेखक व वाचक हाती आल्यावर त्यांच्या गद्यातील कृत्रिमतेविषयी तक्रार करीत बसलो. एखाद्या भाषेत निबंधाचे विषय कसे दिले जातात यावरून त्या भाषेला आपल्या मुलांकडून कोणत्या प्रकारचे बोलणे अपेक्षित आहे हे कळते. म्हणून या विषयाचा विचार वाङ्मयीन दृष्टीने करणे मला अगत्याचे वाटते.

दहावीच्या मराठीत आज प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन अशा विभागांतून विषय दिले जातात. यांपैकी आत्मकथनाचाच विचार मी येथे मुख्यत्वे करणार आहे. फाटक्या पुस्तकाचे मनोगत, पडक्या किल्ल्याचे आत्मवृत्त, नदीची कैफियत ही त्याची ठरलेली रूपे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहेत. हिंदी आणि गुजराती शाळांतही फाटके पुस्तक असेच बोलत असते. त्याचा साचा सर्वांना ठाऊक आहे. निवेदक सहज फिरावयास जातो. कोठून तरी हुंदका ऐकू येतो. तो दचकून इकडेतिकडे पाहतो, तेव्हा कोपऱ्यात पडलेली वस्तू बोलू लागते. प्रथम ती आपली सद्यःस्थिती सांगते, मग गतवैभवाचे वर्णन करते, शेवटी भविष्याविषयी एक इच्छा किंवा उपदेश उच्चारते आणि आवाज बंद होतो.

हा साचा बाळबोध म्हणून हसण्यावारी नेण्याजोगा नाही. इसवी सनाच्या चौथ्या शतकात अंतिओकच्या अफ्थोनियस या ग्रीक वक्तृत्वशिक्षकाने विद्यार्थ्यांसाठी चौदा लेखनाभ्यासांचा एक संग्रह रचला. त्यांतील एका अभ्यासात विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या तोंडून बोलावयाचे असते. अफ्थोनियसने नमुन्यासाठी निवडलेले पात्र निओबी हे आहे: सगळी मुले मृत्युमुखी पडल्यावर ती माता काय बोलेल? हे भाषण वर्तमान, भूत आणि भविष्य अशा तीन काळांत विभागावे, असा त्याचा नियम आहे. आपल्या फाटक्या पुस्तकाचा क्रमही हाच आहे. एकाचा उगम दुसऱ्यात आहे असे मला सुचवावयाचे नाही. दुःखी माणसाच्या बोलण्याची स्वाभाविक चालच अशी असावी, आणि ती दोन्ही ठिकाणी ओळखली गेली असावी, एवढेच म्हणता येईल. मात्र अफ्थोनियसचा हा संग्रह लॅटिन भाषांतराच्या द्वारे सोळाव्या-सतराव्या शतकांपर्यंत युरोपच्या शाळांतून शिकविला जात होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्या काळातील नाट्यवाङ्मयाची एक पूर्वतयारी या शालेय अभ्यासात झाली होती.

अफ्थोनियसच्याही आधी, पहिल्या शतकात, रोमन शिक्षक क्विंटिलियन याने दुसऱ्याच्या तोंडी भाषण घालण्याच्या या अभ्यासाला अत्यंत अवघड म्हटले होते आणि भावी कवी व इतिहासकार यांना तो विशेष उपयोगी पडतो असेही सांगितले होते. अवघडपणाचे त्याने दिलेले कारण महत्त्वाचे आहे. एकच सल्ला सीझर एका रीतीने देईल, सिसेरो दुसऱ्या आणि केटो तिसऱ्या रीतीने. बोलणाऱ्याचे स्थान, त्याचे भाग्य, त्याचे पूर्वचरित्र ही सर्व त्याच्या वाक्यांत उतरली पाहिजेत. आपल्या परंपरेत यालाच औचित्य हे नाव आहे. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने औचित्य हे काव्याचे जीवित मानले, आणि त्याच क्षेमेंद्राने ‘कविकण्ठाभरणा’त शिकाऊ कवीसाठी प्रत्यक्ष अभ्यासही सांगितले. अर्थाकडे लक्ष न देता केवळ शब्दांनी वृत्त भरणे, किंवा ‘रघुवंशा’च्या पहिल्या श्लोकातील शब्द बदलून तोच श्लोक पुन्हा रचणे, असे हे अभ्यास आहेत. समस्यापूर्तीची प्रथाही सर्वपरिचित आहे. तेव्हा विषय बाहेरून दिला गेला, रूप ठरवून दिले गेले, म्हणून लेखन कृत्रिम होते, हा आक्षेप टिकण्यासारखा नाही. आपल्या उत्तम कवींपैकी कित्येक दिलेल्या चरणावरच वाढले आहेत.

मग आपल्या आत्मवृत्तात उणीव कशाची आहे? रवींद्रनाथांची ‘घाटेर कथा’ शेजारी ठेवली म्हणजे ती स्पष्ट होते. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या या कथेत गंगेचा एक घाट बोलतो. रूपाने पाहिले तर हे घाटाचे आत्मवृत्तच आहे. परंतु हा घाट केवळ घाटाला जे कळू शकेल तेवढेच जाणतो. काळ तो पाण्याखाली गेलेल्या पायऱ्यांवरून मोजतो, आणि माणसे त्याला पायऱ्यांवर उतरणाऱ्या पावलांनी परिचित होतात. कुसुम नावाची बालविधवा, तिच्या नवऱ्यासारखा दिसणारा एक संन्यासी, त्याने तिला दिलेला विसरण्याचा आदेश, हे सर्व पायऱ्यांवर घडते तेवढेच आपल्यापर्यंत पोचते. शेवटी चंद्र मावळतो, पाण्याचा आवाज होतो, आणि पुढचे घाटाला उमगत नाही. त्याच्या त्या न उमगण्यातच कथेचे सारे कारुण्य साठलेले आहे. घाटाऐवजी सर्वज्ञ निवेदक असता तर कुसुमचे मरण ही एक बातमी होऊन बसली असती.

मराठी वाचकाला यासाठी बंगालपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडांतून महार, जोशी, गोंधळी, आंधळा, मुका, बहिरा अशा कितीजणांच्या तोंडून बोलून दाखविले! पैठणच्या विद्वान ब्राह्मणाने महाराच्या मुखाने बोलणे ही केवळ वाङ्मयीन युक्ती नव्हती. त्या माणसाचा व्यवसाय, त्याची आरोळी, त्याच्या शब्दांची ठेवण ही आत्मसात केल्याखेरीज अध्यात्माचा अर्थ त्याच्या तोंडी शोभला नसता. येथेही बोलणाऱ्याला काय ठाऊक आहे हाच रचनेचा पाया आहे.

आपल्या शालेय आत्मवृत्तातून नेमका हाच पाया नाहीसा झाला आहे. तेथे पुस्तक, किल्ला, नदी आणि छत्री यांची भाषा एकच असते. त्यांचे दुःख एक, त्यांचा उपदेश एक. नदीला प्रदूषणाविषयी जे ठाऊक असते ते वर्तमानपत्राच्या अग्रलेखाइतकेच असते. तिच्या तळाला गाळ किती साचला, उन्हाळ्यात डोह कोठे उरतात, हे तिला ठाऊक नसते.

माझ्या शाळेतील एक प्रसंग येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. नववीत आम्हाला विहिरीचे आत्मवृत्त लिहावयास सांगितले होते. माझ्या वर्गातील एका मुलाचे वडील विहिरी खोदण्याच्या कामावर जात. त्याच्या निबंधात हुंदका नव्हता की चांदणे नव्हते. आधी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. यारीने वर येणारा दगड. सुरुंगाची वात पेटवून वर पळणारी माणसे. पहिले पाणी लागले तेव्हा ते गढूळ होते आणि तरी सर्वांनी ते ओंजळीत घेतले, असे त्याने लिहिले होते. विहीर जन्मल्यापासून तिला जे ठाऊक असू शकेल ते सारे त्यात होते. शिक्षकांनी समासात ‘विषय सोडून’ असा शेरा दिला. मी निबंधाच्या पुस्तकावरून लिहिलेली विहीर मात्र वर्गात वाचून दाखविण्यात आली. त्या प्रशंसेने मी तेव्हा सुखावलो होतो. पुढे तीस वर्षे भाषांतराचे काम करताना दुसऱ्याच्या तोंडचे वाक्य मराठीत आणण्यासाठी धडपडावे लागले, तेव्हा त्या वर्गात आम्हा दोघांपैकी या विद्येचा विद्यार्थी कोण होता हे मला उमगले.

या घटनेत शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही. त्यांच्यापुढे शेकडो उत्तरपत्रिका असतात आणि मुद्दे, भाषा, शुद्धलेखन असे गुणदानाचे निकष असतात. नमुन्याशी जुळणाऱ्या निबंधाला गुण देणे सोपे, न जुळणाऱ्याला देणे जोखमीचे. परीक्षेच्या या सोयीतून नमुन्यांची पुस्तके निघाली आणि त्या पुस्तकांतून पुन्हा परीक्षकाची अपेक्षा घडली. आता तर कोणत्याही विषयावर क्षणार्धात निबंध जुळवून देणारी यंत्रे निघाली आहेत. त्यांनी आपल्यावर संकट आणले असे म्हणण्यापेक्षा आपला नमुना किती निर्जीव झाला होता हे दाखवून दिले, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. यंत्राला जो निबंध बिनचूक जमतो, तो आपण मुलांकडून इतकी वर्षे का मागत होतो?

यावर सुचविला जाणारा एक उपाय असा, की ही सोंगे टाकून देऊन मुलांना स्वतःविषयीच लिहू द्यावे. या सूचनेच्या पाठीशी एक लखलखीत दाखला आहे. मराठी निबंधाचा विषय निघाला की आपण १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केलेल्या ‘निबंधमाले’पासून आरंभ करतो. परंतु तिच्या एकोणीस वर्षे आधी, १८५५ साली, ‘ज्ञानोदया’त दोन भागांत एक निबंध प्रसिद्ध झाला होता. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध पुण्यातील फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग समाजातील मुलीने लिहिला होता. शाळकरी वयातील विद्यार्थिनीचा तो निबंध आहे, हे आपण त्याच्या ऐतिहासिक महत्त्वाच्या भरात पुष्कळदा विसरतो.

त्याची रचना पाहण्याजोगी आहे. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर ते आपले नाहीत, आणि मग आपल्याला धर्मपुस्तकच नाही. तेव्हा आपला धर्म कोणता हे देवानेच सांगावे, अशा तर्काच्या पायऱ्यांनी ती पुढे जाते. बाजीरावाच्या कारकिर्दीतील अत्याचारांचा उल्लेख ती गुलटेकडीच्या मैदानाचे नाव घेऊन करते. बाळंत होणाऱ्या स्त्रीच्या घरावर छप्परही नसते, ही गोष्ट ती अनुभवाच्या अधिकाराने सांगते. शेवटी आपल्याच लोकांकडे वळून ती त्यांना विद्या घेण्याचे आवाहन करते. कोण बोलत आहे, कोणत्या आधारावर बोलत आहे आणि कोणाशी बोलत आहे, याविषयी या निबंधात कोठेही संदिग्धता नाही. देवाशी बोलतानाचा तिचा स्वर एक आहे, स्वजनांशी बोलतानाचा दुसरा. क्विंटिलियनने वक्त्याकडून जे मागितले ते हेच होय.

तरीही ‘स्वतःविषयी लिहा’ एवढा उपाय मला अपुरा वाटतो, आणि काही वेळा तो धोक्याचाही वाटतो. मुक्ताचा निबंध कळवळ्याने भरलेला असला तरी तो कबुलीजबाब नाही, युक्तिवाद आहे. ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ने तो बांधला गेला आहे. चौदा वर्षांच्या मुलाला आपली जखम उघडी करून दाखव, त्यावर दहापैकी गुण देतो, असे सांगण्याचा अधिकार शाळेला नाही. शिवाय आत्मपर लेखनालाही साचा जडण्यास वेळ लागत नाही: गरिबी, संघर्ष, यश आणि आईचे आभार, अशी त्याची यादी तयार होऊ लागली आहे. ‘बलुतं’ १९७८ साली आणि ‘उपरा’ १९८० साली प्रसिद्ध झाली, तेव्हा मराठी आत्मकथनाला जी शक्ती लाभली ती केवळ खरे सांगण्याने लाभली नव्हती. कोणता तपशील त्या बोलणाऱ्याचाच आहे, याची पारख त्या लेखकांजवळ होती. दुसऱ्याच्या तोंडून बोलण्याचा अभ्यास नीट करविला तर तो हीच पारख शिकवितो, आणि लाजाळू मुलाला त्यात आडोसाही मिळतो. विहीर खोदणाऱ्याच्या मुलाला आपल्या घराविषयी एक शब्दही लिहावा लागला नव्हता, आणि तरी त्याचे सारे घर त्या निबंधात होते.

म्हणून आत्मवृत्ताचा विषय काढून टाकू नये, असे माझे मत आहे. त्याच्या मागणीत मात्र बदल व्हावा. ‘नदीचे मनोगत लिहा’ एवढे न सांगता, तुझ्या गावची नदी बोलत आहे, भाद्रपदातील एका रात्री ती काठावरच्या एका माणसाशी बोलत आहे, आणि त्या ठिकाणाहून दिसत-ऐकू येत नाही ते तिला ठाऊक नाही, असे सांगावे. बंधन वाढले तर मुलाची कल्पना आखडेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. क्षेमेंद्र आणि अफ्थोनियस या दोघांनाही बंधनाचा उपयोग ठाऊक होता. गुणदान करतानाही अलंकार मोजण्याऐवजी हे वाक्य याच बोलणाऱ्याचे आहे की कोणाचेही, एवढे पाहावे. परीक्षकाला हे निश्चितच अवघड जाईल. त्यासाठी त्याला प्रत्येक निबंध वाचावा लागेल, आणि वाचनाची ही रीत त्याला उपलब्ध करून देणे हे समीक्षेचे काम आहे. आपण शालेय निबंध आपल्या कक्षेबाहेर ठेवला म्हणून त्याला वाचणाऱ्यांजवळ मुद्द्यांच्या यादीखेरीज दुसरे साधन उरले नाही.

भारतीय भाषांत परस्परांची पुस्तके आणण्याचे जे कार्य चालले आहे, त्याच्याशीही या गोष्टीचा निकट संबंध आहे. भाषांतरकार जन्मभर दुसऱ्याच्या तोंडूनच बोलत असतो. पात्र बदलले तरी त्याच्या मराठीची चाल बदलत नसेल, तर त्याने आणलेली प्रत्येक कादंबरी हे फाटक्या पुस्तकाचेच मनोगत ठरते. माझ्या पहिल्या काही भाषांतरांत ही उणीव होती, हे मी आज मान्य करतो. ती दूर करण्यासाठी मला जे शिकावे लागले, ते सारे त्या मुलाच्या वहीत होते. ती वही शेजारच्या बाकावर होती, आणि मी ती वाचावयास मागितली नाही.