नियतीचा नकाशा आणि सरोवराकाठची माणसे

शास्त्रज्ञांची चरित्रे आणि संतांची चरित्रे यांत एक विलक्षण साम्य आम्हांला नेहमी जाणवत आले आहे. सेमिनरीत असताना भोजनगृहात मोठ्याने वाचली जाणारी जुनी संतचरित्रे आठवतात. नायक पाळण्यातच असामान्य, वाटेत विरोधकांचे काटे, शेवटी तेजोवलय. शास्त्रज्ञांच्या चरित्रांत तेजोवलयाच्या जागी पारितोषिक येते, एवढाच काय तो फरक. म्हणूनच अमेरिकन इतिहासकार ॲलिस वेक्सलर यांनी आपल्या धाकट्या बहिणीच्या, नॅन्सी वेक्सलर यांच्या, संशोधनाभोवती लिहिलेले 'मॅपिंग फेट' हे पुस्तक (१९९५) आम्ही काहीशा साशंक मनाने हाती घेतले. बहिणीने बहिणीविषयी लिहायचे म्हणजे स्तुतिस्तोत्रच असणार, अशी आमची समजूत होती. ती खोटी ठरली, हे आनंदाने नमूद करतो.

पुस्तकाचा विषय आहे हंटिंग्टनचा आजार. लाँग आयलंडवरील ईस्ट हॅम्प्टन गावच्या डॉक्टर घराण्यात जन्मलेल्या जॉर्ज हंटिंग्टन यांनी १८७२ साली त्याचे वर्णन केले. बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान तो प्रकटतो. हातपाय आपोआप नाचल्यासारखे हलू लागतात, बोलणे अडखळते, स्वभाव पालटतो, बुद्धी मंदावते, आणि मेंदूतील पेशींचा ऱ्हास होत होत दहावीस वर्षांत माणूस संपतो. आईबापांपैकी एकाला तो असेल तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी. नाणे एकदाच उडवले जाते, तेही गर्भात. कौल मात्र कळतो संसार मांडून झाल्यावर.

वेक्सलर भगिनींना हा कौल १९६८ साली ऐकावा लागला. त्यांची आई लिओनोर ही कोलंबिया विद्यापीठात प्राणिशास्त्राचे उच्च शिक्षण घेतलेली स्त्री. लॉस एंजेलिसमध्ये एका सकाळी ती रस्ता ओलांडत असता तिची डगमगती चाल पाहून एका पोलिसाने तिला हटकले: इतक्या सकाळी दारू प्यायलात? तिचे वडील आणि तिघेही भाऊ याच आजाराने ग्रासले होते. परंतु हा आजार पुरुषांनाच होतो, असे तिला सांगण्यात आले होते, आणि तिने त्या समजुतीचा आधार घट्ट धरून ठेवला होता. वंशशास्त्र जाणणाऱ्या बाईने असा आधार धरावा, यातली वेदना लेखिकेने फार संयमाने मांडली आहे. ती आईला दोषी ठरवत नाही. तिचा गौरवही करीत नाही. घरातल्या मौनाने आई हळूहळू कशी फिकट होत गेली, हे ती केवळ दाखवते.

हा भाग वाचताना पुस्तक काही काळ मिटून ठेवावे लागले. आमच्या पूर्वीच्या एका धर्मग्रामात एक घर होते. तेथील कर्त्या पुरुषाला पाहुण्यांसमोर कधी आणीत नसत. त्याचा तोल जाई, जीभ जड झाली होती, त्याची बहीणही तशीच गेली असे म्हणत. मुलाच्या लग्नाची घोषणा चर्चमध्ये होण्यापूर्वी त्या घरच्या आईने आम्हांला विनंती केली, ''फादर, मुलीकडच्यांनी विचारलं तर म्हणा की पडल्यामुळं झालंय.'' तिकडून कोणी विचारले नाही. आम्हीही बोललो नाही. पुढे अनेक वर्षांनी त्या घरची सून आम्हांला भेटली, ती नवऱ्याच्या हाताला धरून चालत होती. तिने एवढेच विचारले, ''फादर, तुम्हांला ठाऊक होतं का?'' जन्मांध माणसाला पाहून पाप याचे की याच्या आईबापांचे, असे शिष्यांनी प्रभूला विचारले होते. प्रभूने तो प्रश्नच नाकारला. आम्ही मात्र आजाराला पापासारखे लपवू देत होतो.

नॅन्सी यांनी हे मौन मोडण्यालाच आपले आयुष्य वाहिले. वडील मिल्टन हे मनोविश्लेषक. पत्नीपासून ते विभक्त झालेले होते. तरीही १९६८ सालीच त्यांनी संशोधनासाठी हेरेडिटरी डिसीज फाउंडेशनचा पाया घातला. नॅन्सी स्वतः मानसशास्त्राच्या पदवीधर, प्रयोगशाळेच्या नव्हेत. पण वेगवेगळ्या विषयांतील तरुण संशोधकांना एका खोलीत बसवून मोकळेपणाने बोलते करायचे, ही त्यांची खरी प्रतिभा. १९७९ साली त्या व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराकाठी प्रथम गेल्या. पाण्यात खांब रोवून उभारलेल्या वस्त्यांत हा आजार जगात कोठे नसेल इतका दाट होता. लोक त्याला 'एल माल' म्हणत, किंवा संत व्हायटसचा आजार. ज्या संताचा धावा नाचऱ्या व्याधींत करायचा, त्याचेच नाव व्याधीला चिकटले!

त्या शोधत होत्या आईबाप दोघांकडूनही दोष आलेली व्यक्ती. गवसले त्याहून मोठे काही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका स्त्रीपर्यंत पोहोचणारी, दहा पिढ्यांची आणि अठरा हजारांहून अधिक माणसांची वंशावळ हळूहळू उभी राहिली. चार हजारांवर लोकांनी रक्त दिले. त्याच्या आधारे जेम्स गुसेला यांना १९८३ साली चौथ्या गुणसूत्रावर खूण सापडली. तेथून प्रत्यक्ष जनुकापर्यंत पोहोचायला दहा वर्षे लागली. १९९३ साली सहा गटांतील अठ्ठावन्न संशोधकांनी मिळून तो जाहीर केला. सी-ए-जी ही तीन अक्षरे सलग चाळीस किंवा अधिक वेळा आली की आजार अटळ. अक्षरांच्या तोतरेपणावर एका माणसाचे आयुष्य अवलंबून असावे!

आता दोषांकडे वळू. प्रयोगशाळांतील चढाओढीची प्रकरणे नावांच्या गर्दीने गुदमरली आहेत. सामान्य वाचक तेथे वाट चुकेल. त्याहून महत्त्वाचा आक्षेप असा की, लॉस एंजेलिसच्या घरातील प्रत्येक व्यक्ती आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते, पण सरोवराकाठची माणसे बहुधा समूहाने येतात आणि समूहाने जातात. नॅन्सी त्यांना जवळ घेतात, आपल्या दंडावर घेतलेल्या नमुन्याची खूण दाखवून 'मीही तुमच्यातलीच' असे सांगतात, हे हृद्य आहे. तरीही कथेचे केंद्र उत्तरेकडेच राहते. शिवाय तेथे हा आजार ओळखला तो अमेरिको नेग्रेते या स्थानिक डॉक्टरने, १९५० च्या दशकात. अमेरिकेत त्याची वार्ता पोहोचली १९७२ साली. शोधकथांत अशा माणसांच्या वाट्याला एखादे वाक्य येते. आमच्या मते त्यांना एक प्रकरण द्यायला हवे होते.

पुस्तकाचे सर्वांत मोठे बळ मात्र शेवटी आहे. जनुक सापडला, रक्ताची चाचणी आली, आणि ज्या घराने तिच्यासाठी एवढा अट्टहास केला त्या घरच्या दोघी मुलींनी ती करून घेतली नाही. इतरांना ज्ञान मिळवून देणारीने स्वतः न जाणण्याचा हक्क राखून ठेवला. काही समीक्षकांना यात विसंगती दिसेल. आम्हांला ती दिसत नाही. उपाय हाती नसताना केवळ भविष्य कळणे हे ओझे आहे, आणि ते कोणी कोणाच्या खांद्यावर लादू नये. गुपित आणि मौन यांतील भेद येथे कळतो: लिओनोरपासून सत्य लपवले गेले, तिच्या मुलींनी सत्य समोर ठेवूनच त्याकडे पाठ फिरवली.

उपाय अजूनही पुरता हाती आलेला नाही. रोश कंपनीच्या ज्या औषधावर मोठ्या आशा होत्या त्याची चाचणी २०२१ च्या मार्चमध्ये थांबवावी लागली. १८ मे २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये या आजाराच्या कुटुंबांची भेट घेतली. त्यांत दक्षिण अमेरिकेतील गरीब कुटुंबे होती. आजाराची लाज धरून लपू नका, असे त्यांनी सांगितले, आणि संशोधकांना मानवी भ्रूणांचा बळी देणाऱ्या वाटा टाळण्यास विनविले. ज्यांच्या रक्तातून शोध लागला ती माणसे या पुस्तकात जेवढी उभी राहिली नव्हती तेवढी त्या दिवशी सभागृहात उभी राहिली, असे आम्हांला वाटून गेले.

आणि मग २०२० चा मार्च. नॅन्सी वेक्सलर यांनी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी जाहीर केले की आपल्यालाही हाच आजार आहे. ती बातमी वाचून आम्ही पुस्तक पुन्हा काढले. आईला पोलिसाने हटकले ते पान आम्ही पहिल्या वाचनात भराभर उलटले होते. या वेळी तेथेच बराच वेळ थांबलो.