यू-बूट : रिअल टाइम प्रणालीच्या निकषावर एक परीक्षण

रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टीमचा विचार बहुधा तिच्या पहिल्या टास्कपासून सुरू केला जातो. वस्तुतः वेळेचे बंधन वीजपुरवठा सुरू होताच लागू होते आणि त्या क्षणी नियंत्रण बूटलोडरकडे असते. या दृष्टीने यू-बूट या मुक्तस्रोत बूटलोडरचे परीक्षण उद्बोधक ठरते. वुल्फगांग डेंक यांच्या पीपीसीबूट या प्रकल्पाला २००२ मध्ये हे नाव मिळाले.

यू-बूटचा मोठा गुण म्हणजे त्याची इमेज-रचना. 'एमकेइमेज' हे साधन मूळ फाइलला ६४ बाइटचे शीर्ष जोडते. प्रणालीचा प्रकार, लोड करण्याचा पत्ता, प्रवेशबिंदू व सीआरसी बेरीज यांची त्यात नोंद असते. 'बूटएम' ही आज्ञा ही बेरीज तपासते व मगच नियंत्रण सोपविते. व्हीएक्सवर्क्स, आरटीईएमएस यांसारख्या प्रणालींसाठी तीत स्वतंत्र मार्गही आहेत.

याउलट 'गो' ही आज्ञा दिलेल्या पत्त्यावर केवळ उडी घेते. इमेज शाबूत आहे का, हे ती पाहत नाही. कॅशे रिकामा करण्याची जबाबदारीही वापरणाऱ्यावरच पडते. सोपी म्हणून हीच आज्ञा स्वीकारली, तर प्रयोगशाळेत चाललेली इमेज प्रत्यक्ष स्थळी अधूनमधून अडखळण्याचा धोका राहतो.

या निवडीचे मोल नाशिकच्या संदर्भात सहज ध्यानी येते. सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहतींत विद्युत स्विचगिअर तयार होते. स्विचगिअरमधील संरक्षक रिलेचा नियंत्रण-पुरवठा खंडित होऊन परत आला, तर त्यातील प्रणाली सुरू होईपर्यंत त्या रिलेचे संरक्षण उपलब्ध नसते. यू-बूटमधील 'बूटडिले' मूलतः २ सेकंदांचा असतो. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असल्याने ही प्रतीक्षा १०० आवर्तनांची ठरते. विकसकाला कळ दाबण्यासाठी दिलेली ही सवड कारखान्यात मात्र धोक्याची होय.

गती वाढविण्यासाठी सीआरसी तपासणी वगळण्याचा मोह होतो. तो समर्थनीय नाही. आरटीओएसची इमेज सहसा लहान असते, त्यामुळे तपासणीला लागणारा वेळ या प्रतीक्षेच्या तुलनेत अल्प असतो. 'बूटडिले' उणे २ ठेवल्यास प्रतीक्षा व व्यत्यय दोन्ही टळतात. सारांश, यू-बूट समर्थ आहे. परंतु त्याची मूळ मांडणी विकसकाच्या सोयीची आहे. ती जशीच्या तशी स्वीकारल्यास वेळेचे वचन पहिल्या टास्कपूर्वीच भंगते.